यादीबाहेरचा आवाज

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला, पहिला चहा अजून हातात होता तेव्हा, तिने भूगोलाच्या बाईंचं फोल्डर उघडलं. नऊशे वाक्यं जागच्या जागी होती, अंगावर क्रमांक लावून शिस्तीत बसलेली. आतलं ‘बाई – दुपार’ मात्र नव्हतं. तिने फोल्डर बंद केलं, पुन्हा उघडलं. आपलंच काही चुकलं असेल म्हणून शेजारची चार फोल्डरं धुंडाळली, मग शोधाच्या चौकटीत ‘बाई दुपार’ असं लिहून पाहिलं, ‘दुपार बाई’, शेवटी नुसतं ‘दु’. काही नाही. चहा कधी टेबलावर ठेवला ते तिला कळलं नाही. दुःखबिःख व्हायच्या आधी तिला आला तो वैताग. आता हे कोणाला विचारायचं, आणि विचारल्यावर कोण काय तोंड करून काय उत्तर देणार, हे सगळं तिला आधीच पाठ होतं. कोणी म्हणणार सिस्टिम, कोणी म्हणणार धोरण. आणि तो शहाणा म्हणणार, नमस्कार.

इस्पितळाच्या मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिचा विभाग होता. ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागणार असे, ती माणसं शस्त्रक्रियेआधी तिच्याकडे येत, काचेच्या खोलीत बसून यादीतली नऊशे वाक्यं वाचत, आणि त्यातून संगणक त्यांचा आवाज घडवी. पुढे जन्मभर ती माणसं टॅबवर बोटाने लिहीत आणि टॅब त्यांच्या आवाजात बोले. यादी कुणा पंडिताने केली होती देव जाणे. भाषेतला एकही ध्वनी सुटू नये एवढीच त्याला काळजी होती, अर्थाचं त्याने मनावर घेतलं नव्हतं. ‘छपराखालच्या झुरळाला ऐनवेळी ठसका लागला.’ ‘ढगळ झग्यातला घड्याळजी अजून परतला नाही.’ गळ्यात गाठ घेऊन आलेली माणसं हे असलं निमूटपणे वाचत. भूगोलाच्या बाई मात्र झुरळापाशी थांबल्या आणि खो खो हसत सुटल्या. “झुरळाला ठसका? अहो, ऐकलंत का?” त्या काचेबाहेर बसलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि त्याने समोरच्या खुर्चीवर पाय पसरलेले दिसताच हसण्यातून त्याच श्वासात रागावण्यात गेल्या, “पाय खाली घ्या आधी. इस्पितळ आहे हे.” तेवीस वर्षं वर्गात कमावलेला आवाज तो. काचेपलीकडे नवऱ्याचे पाय आपोआप खाली आले, आणि हेडफोन लावून बसलेल्या तिनेही नकळत पाठ ताठ केली.

नऊशे वाक्यं झाली तेव्हा बाई पाणी पीत म्हणाल्या होत्या, “ताई, हे सगळं झालं, पण यात मी कुठाय? असं गोड गोड मी आयुष्यात कधी बोलले नाही. मला रागावता आलं पाहिजे. रागावल्याशिवाय माझ्या वर्गात नकाशासुद्धा कोणी सरळ टांगत नाही.” खरं तर हे नियमात बसत नव्हतं. यादीबाहेरचं काही घ्यायचं असलं तर अर्ज होता, अर्जाला संचालकांची सही होती, आणि शस्त्रक्रिया आठवड्यावर आली होती. तिने यादी बाजूला सारली आणि म्हटलं, “उद्या दुपारी या. रागवा.” दुसऱ्या दिवशी साडेतीन तास बाई बोलत होत्या. रागावल्या, पुटपुटल्या, लाडात आल्या, तापात असल्यासारखं कण्हून दाखवलं, रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारली, फोनवर चोरून कोणाची तरी निंदा केली. नुसतं ‘अहो’ त्यांनी अकरा तऱ्हांनी म्हटलं. अकरावं ‘अहो’ असं होतं की बाहेर बसलेला नवरा उठून पाण्याच्या मशीनकडे गेला आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. आवाज घडवणाऱ्यांना हे सगळं वेगळं नेऊन द्यायचं, म्हणजे टॅबमधल्या आवाजाला थोडा चढउतार येईल, असा तिचा बेत होता. फोल्डरला नाव काय द्यायचं ते सुचेना. फॉर्ममध्ये जे कप्पे होते त्यात ‘रुग्णाचं रागावणं’ असा कप्पा नव्हता. म्हणून तिने ‘बाई – दुपार’ एवढंच लिहिलं आणि नोंद सोमवारी करू म्हणून ठेवून दिली. तो सोमवार गेला, पुढचा गेला, त्याच्या पुढचाही गेला. दर सोमवारी तिच्यापुढे शहाण्याच्या परवानग्या साचलेल्या असत.

शहाणा हे नाव तिने ठेवलेलं. कागदोपत्री त्याला ‘सहायक’ म्हणत. माणसाने एकेक काम सांगायचं आणि त्याने करायचं असला संगणक तो नव्हता. त्याला एकदा उद्दिष्ट सांगून ठेवलं की तो आपला आपण फायली उघडी, ऐके, लावी, नावं देई, आणि नको त्या फेकून देई. सुरुवातीला त्याला नुसतं वाचायची मुभा होती. मग खुणा करायची दिली. मग एका बैठकीत संचालक म्हणाले, “त्याला ऐकता येतं, खूण करता येते, मग टाकायला तेवढा माणूस कशाला?” तेव्हा टेबलावर हात आपटून तीच बोलली होती, “विचारल्याशिवाय टाकायचं नाही. प्रत्येक वेळी विचारू दे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. इतिवृत्तात तिचं नाव आलं. त्या दिवशी घरी जाताना आपण काहीतरी वाचवलं असं तिला वाटलं होतं, आणि पुढच्याच सोमवारपासून त्या वाचवण्याने तिचा जीव खाल्ला. ‘नमस्कार. खालील १८ फायली काढून टाकण्याची परवानगी हवी आहे. ही कृती परत फिरवता येणार नाही.’ अठरा फायली उघडून बघाव्यात तर अठराही दोन-दोन सेकंदांच्या, मुक्या, कोणीतरी बटण चुकून दाबलेल्या. दहा मिनिटांनी पुन्हा नमस्कार. पुन्हा परत फिरवता येणार नाही. खुर्ची करकरल्याचा आवाज काढून टाकायचा तरी परत फिरवता येणार नाही, दार लागल्याचा आवाज काढायचा तरी परत फिरवता येणार नाही. दिवसाला दोनशे-दोनशे वेळा. ते वाक्य पुढेपुढे तिला दिसेनासं झालं, रोजच्या रस्त्यावरची पाटी दिसेनाशी होते तसं. पहिल्या महिन्यात ती प्रत्येक फाईल ऐकत होती. दुसऱ्या महिन्यात नावं वाचत होती. तिसऱ्या महिन्यात तिने तिसऱ्या मजल्यावर जाऊन सर्व्हरवालीला म्हटलं, “सगळ्यांना एकदम हो म्हणायचं बटण दे बाई मला. हात टेकले मी.”

बटण आलं. हे तिला आत्ता, शुक्रवारी, थंड होत चाललेल्या चहाकडे बघताना आठवलं, आणि तिने ते आठवणं तिथल्या तिथे थांबवलं.

शहाण्याची नोंदवही उघडून तिने शोधलं. सोमवार, दुपारी तीन वाजून सात मिनिटं. दोनशे चौदा फायली, त्यातल्या छत्तीस ‘बाई – दुपार’मधल्या. कारण: यादीबाहेरील मजकूर, वर्गीकरण नाही, खोकला, हसणे, आवाजाची पातळी असमान. मंजुरी: तिचं नाव. मान्य न करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. खोकला होता, हसणं होतं, पातळी तर भलतीच असमान होती, त्यासाठीच तर ते घेतलं होतं. तिने त्याला लिहिलं, “तू का पुसलंस?” ती अजून पुसणंच म्हणायची, टेपच्या काळातली सवय. उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं. “नमस्कार. सदर फायली आपल्या मंजुरीनुसार काढून टाकण्यात आल्या. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. असे पुन्हा होऊ नये यासाठी यापुढे मी प्रत्येक फाईलकरिता स्वतंत्र परवानगी मागू का?” तिच्या मस्तकात तिडीक गेली. तिने ‘गाढवा’ असं लिहिलं, मग खोडलं, कारण तेही कुठेतरी नोंदलं गेलं असतं आणि त्यालाही त्याने नमस्कार केला असता.

सोमवारी तीन वाजून सात मिनिटांनी काय चाललं होतं ते तिला आठवायलाही लागलं नाही, ते समोर येऊन उभंच राहिलं. तिच्या स्वतःच्या नवऱ्याचा फोन. तो मार्चमध्ये निवृत्त झाला आणि एप्रिलपासून त्याने घर आवरायला घेतलं होतं. चाळीस वर्षांत ज्याने स्वतःचा रुमाल कधी शोधला नाही, तो आता एकेक खण उपसून बसे आणि तिला कामावर फोन करी. “ही इस्त्रीची गॅरंटी टाकू का?” “टाक.” “पण इस्त्री आहे का आपल्याकडे ही?” “नाही, टाक.” “आणि या वायरी? एक काळी आहे, एक करडी आहे.” फोन खांद्यात धरलेला, मान वाकडी, समोर शहाण्याची रास, आणि कानात हा माणूस एकेक वायर वर्णन करून सांगतोय. “हो रे. हो. हो, तीही टाक. हो म्हटलं ना!” तोंडाने ती नवऱ्याला हो म्हणत होती आणि हाताने शहाण्याला, आणि दोन्ही हो एकाच वैतागातून निघत होते. कुठला हो कुठे गेला ते तपासायला तिच्यात त्राण नव्हतं. नवऱ्याने टाकलं त्यात काही मोलाचं नव्हतं. वायरी गेल्या, बरंच झालं.

ती उठून तिसऱ्या मजल्यावर गेली. सर्व्हरवाली चाळिशीची, सदा सर्दीने बेजार, दोन फोन बाळगणारी बाई. तिने नाक पुसत नोंद पाहिली आणि मान हलवली. “कचरापेटीत बहात्तर तास राहतं, ताई. काल तीन वाजून सात मिनिटांनी पेटी रिकामी झाली.” काल तीन वाजता ती जागेवरच होती. बहुधा कोणाच्या तरी खुर्चीचं करकरणं मंजूर करत असावी. “आणि दुसरी प्रत? तळघरातली?” सर्व्हरवाली जराशी अवघडली. “तिथेही त्याचा हात पोचतो ना. दोन्हीकडे सारखं राहावं म्हणून ठेवलंय तसं.” “म्हणजे आपलं घर जळलं की शेजारचंही पेटवून द्यायचं, सारखं दिसावं म्हणून?” “माझ्यावर का ओरडता, ताई? वरून आलं होतं ते.” वरून. या इमारतीत सगळंच वरून येई आणि वर जाऊन बघावं तर गच्चीवर पाण्याच्या टाक्या होत्या. तिने खुर्ची ओढली. “त्याच्याकडून पुसायचं काढून घ्यायला काय लागतं?” तिला वाटलं होतं अर्ज, सह्या, बाहेरचा माणूस, महिनाभराचं काम. सर्व्हरवालीने पडदा तिच्याकडे वळवला. तीन चौकोन होते. वाचणे, खूण करणे, काढून टाकणे. तिन्हीत बरोबरच्या खुणा. तिने तिसऱ्यातली काढली. “झालं.” “इतकंच?” “इतकंच.” “मग हे आधी का नाही केलंस?” “कोणी सांगितलंच नाही, ताई. तुम्ही तर बटण मागितलंत.”

जिन्यात ती मधल्या वळणावर थांबली. खिडकीतून खालचं वाहनतळ दिसत होतं, एक माणूस गाडीत बसून मोठ्याने कोणाशी तरी बोलत होता आणि त्याचा आवाज इथवर येत नव्हता. विशीत ती रेडिओवर लागली तेव्हा टेपच्या खोलीत थोरले होते. त्यांना सगळे थोरलेच म्हणत. थोरल्यांनी तिला अकरा महिने टेप कापायचं पातं दिलं नाही. खुणेची पिवळी पेन्सिल दिली फक्त. ऐकायचं, जिथे कापावंसं वाटतं तिथे टेपच्या पाठीवर पिवळी रेघ मारायची आणि रीळ त्यांच्यापुढे ठेवायचं. पातं त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, कागदात गुंडाळलेलं. ते रीळ लावत, तिची रेघ येईपर्यंत ऐकत, आणि कधी कापत, कधी तिच्याकडे नुसते बघत. त्या बघण्याने तिचे कान तापायचे. बरोबरच्या दोघी सहा महिन्यांत दुसऱ्या विभागात जाऊन कार्यक्रम करू लागल्या आणि ही अजून पेन्सिलवालीच. घरी जाऊन ती रडायची, म्हातारा खडूस आहे म्हणायची, माझ्यावर विश्वास नाही म्हणायची. कापलेले तुकडेही थोरले फेकत नसत. भिंतीवर खिळे होते, एकेका खिळ्याला एकेका कार्यक्रमाचे तुकडे लटकत, चिठ्ठी लावून, आणि कार्यक्रम प्रसारित होऊन आठवडा लोटल्यावरच खिळा मोकळा होई. बाराव्या महिन्यात पातं मिळालं त्या दिवशी तिने एका वक्त्याचे सगळे श्वास कापून काढले, भाषण कसं सुटसुटीत झालं म्हणून खुशीत त्यांना ऐकवलं. थोरल्यांनी खिळ्याकडे बोट दाखवलं. तिने संध्याकाळपर्यंत बसून एकेक श्वास परत चिकटवला. एवढं सगळं जिच्या हाडीमांसी मुरलेलं, तिने त्या बैठकीत एवढंसं म्हणायला काय झालं होतं, की याला पेन्सिल द्या, पातं देऊ नका? ती म्हणाली, विचारू दे. शंभरदा, हजारदा विचारू दे. आणि मग उत्तर द्यायचा कंटाळा आला म्हणून बटण मागून घेतलं. जिन्यात उभ्या उभ्या तिला स्वतःचा इतका राग आला की तिने कठड्यावर हात आपटला. लागलं.

संचालक वाईट माणूस नव्हते, त्यांना फक्त कुठलीही गोष्ट मिटलेली आवडे. “नऊशे वाक्यं आहेत ना? आवाज तयार आहे ना? मंगळवारी त्या येतील, ऐकतील, आनंदाने जातील. उगीच सांगून त्यांचा आनंद कशाला घालवायचा?” “त्या विचारतील.” “विचारलं तर तांत्रिक अडचण. अहवालात आपण लिहू, काही पूरक फायली पुसल्या गेल्या.” “गेल्या म्हणजे? आपापल्या चालत गेल्या?” संचालकांनी पेन खाली ठेवलं. “ताई, कर्ता लिहायचाच असेल तर मंजुरी तुमची होती. ते लिहू? बघा तुम्हीच.” आवाजात धमकी नव्हती, तिच्याचसाठी काळजी होती, आणि त्यामुळे ती जास्तच चिडली. “आणि ते काढून टाकण्याचं तुम्ही परस्पर बंद केलंत म्हणे. रांग साचेल.” “साचू दे. तो खुणा करील. टाकायचं मी बघीन, शुक्रवारी दुपारी, दार लावून, ऐकून.” “एकट्या?” “एकटीनेच सगळ्यांना हो म्हणत होते ना? तेव्हा नाही कोणी विचारलं.” संचालकांनी दोन आठवड्यांपुरतं मान्य केलं. त्यांच्या दृष्टीने तेही मिटलं.

शनिवार-रविवार ती घरात धुसफुसत राहिली. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “पण मी तर विचारून टाकत होतो.” “तोही विचारूनच टाकत होता.” “मग चूक कोणाची?” “जेव आता,” ती म्हणाली. रविवारी दुपारी पडल्या पडल्या तिने बाईंचं हसणं आठवायचा प्रयत्न केला. साडेतीन तास कानांत घेऊन बसलेली होती ती, आवाज हा तिचा धंदा, एकदा ऐकलेलं माणूस ती फोनवरच्या शिंकेवरून ओळखत असे. हसणं येईना. हसताना बाईंचा हात गळ्याकडे जायचा ते दिसत होतं, चष्मा खाली घसरलेला दिसत होता, आवाज बंद. झुरळ, ठसका, अहो, ऐकलंत का, शब्द सगळे यायचे, पण तिच्याच आवाजात. जोर लावला की त्या जागी हो, हो, हो म्हटलं ना, एवढंच ऐकू यायचं. ती उठली आणि उगाच स्वयंपाकघरात जाऊन एक स्वच्छ भांडं घासायला घेतलं. सांगायचं नाही असं तिने त्या भांड्यापाशी दोनदा ठरवलं. माणूस एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलाय, आवाज मिळतोय, त्यातलं काय नाही ते कशाला दाखवायचं? हे संचालकांचंच बोलणं आपल्या डोक्यात आपल्या आवाजात चाललंय हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिने नळ बंद केला.

मंगळवारी अकराला बाई आल्या. बारीक झाल्या होत्या, गळ्याला निळा पातळ रुमाल, पण चाल तीच, वर्गात शिरल्यासारखी. नवऱ्याने हातात टॅबचा डबा धरला होता, जपून, झाकणावर दोन्ही हात ठेवून. संचालकही आले, अशा प्रसंगांना ते येत. सर्व्हरवालीने वायर लावली, आवाज चढवला, आणि बाईंनी एका बोटाने सावकाश लिहिलं. “नमस्कार. मी बोलतेय,” टॅब म्हणाला. बाईंचाच आवाज. स्वच्छ, गोल, शब्दाला शब्द न लागणारा. नवऱ्याचा चेहरा वितळला. “तीच,” तो म्हणाला, “अगदी तीच,” आणि चष्मा काढून पुसू लागला. संचालकांनी तिच्याकडे पाहिलं: बघा. तिलाही क्षणभर वाटलं, असू दे. खरंच असू दे. नवरा म्हणाला, “मला हाक मार ना.” बाईंनी लिहिलं. “अहो,” टॅब म्हणाला. बाईंनी मान तिरकी केली, पुन्हा लिहिलं, पुढे उद्गारचिन्ह टाकलं. “अहो.” तीन उद्गारचिन्हं टाकली. “अहो.” मग त्यांनी टॅबवरून नजर उचलली आणि थेट तिच्याकडे पाहिलं, आणि दोन बोटं हवेत मागे वळवून विचारलं: त्या दुपारचं?

“बाई, त्या दुपारचं राहिलं नाही,” ती म्हणाली. “ते पुसलं...” पुढचा शब्द तिच्या जिभेवर तयार होता, अहवालातला, आणि तो उच्चारायच्या आत संचालक मदतीला धावले, “एक तांत्रिक अडचण आली, बाई, पण मुख्य आवाजाला कुठेही...” बाईंनी त्यांना हाताने गप्प केलं. त्या लिहू लागल्या. बोट काचेवर आपटत होतं.

“कोणी पुसलं?” टॅबने विचारलं.

बाईंचा चेहरा लाल झाला होता, रुमालाच्या वर गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या, उजवा हात उघडा टेबलावर आपटलेला तसाच राहिला होता. आणि प्रश्न आला तो पाणी हवं का विचारल्यासारखा, मऊ, नम्र, शेवटी किंचित वर गेलेला. बाईंनी तेच पुन्हा दाबलं. “कोणी पुसलं?” सर्व्हरवाली आपल्या फोनकडे बघू लागली. संचालकांनी घसा साफ केला.

“मी,” ती म्हणाली. “मी पुसलं, बाई. न ऐकता. यंत्राने विचारलं होतं मला, आणि मी फोनवर बोलता बोलता हो म्हटलं.”

बाई बराच वेळ लिहीत राहिल्या, खोडत राहिल्या. ती वाट बघत उभी राहिली. आता तरी चार शब्द अंगावर यावेत, मान खाली घालायला लागावी असे, तेवीस वर्षं मुलांनी ऐकले तसे, एवढंच तिला हवं होतं. बोट थांबलं.

“तुम्हाला लाज वाटायला हवी,” टॅब म्हणाला. एकेक अक्षर स्पष्ट, ‘ल’ आणि ‘ज’ कुठे अडखळत नाहीत असा सुरेख आवाज.

नवऱ्याने पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. त्याने टॅबकडे पाहिलं, मग बायकोच्या तोंडाकडे, मग परत टॅबकडे. “ती रागावली की असं नाही बोलत हो,” तो म्हणाला, कोणाला ते कळलं नाही. बाईंनी मान हलवली, ओठ मिटले, आणि पुन्हा तेच बटण दाबलं.